‘हिरेमठ’मधला ठ: एका पतसंस्थेच्या सभासद-यादीचं युनिकोडमध्ये स्थलांतर

प्रकरण बेळगाव ते निपाणी या पट्ट्यातल्या एका सौहार्द (कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी कायद्याखालच्या) पतसंस्थेचं आहे. संस्थेचं नाव बाजूला ठेवलं आहे, कारण अडचण तिच्या एकटीची नाही. खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडच्या बऱ्याच जुन्या संस्थांच्या संगणकात हीच गुंतागुंत साठलेली असते.

संस्थेचे सभासद मराठी बोलणारे आहेत, कन्नड बोलणारे आहेत आणि दोन्ही बोलणारेही आहेत. पासबुक आणि सभेची नोटीस मराठीत निघते, सहकार खात्याकडे जाणारे तक्ते कन्नडमध्ये जातात. जुनं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ मधलं, डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस-प्रोग्रामच्या एमडीबी फाईलमध्ये. तो डॉटनेटवरच्या नव्या प्रोग्रामात आणि एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये न्यायचा होता. वरवर पाहता काम दोन दिवसांचं: सभासदांचा तक्ता उचलायचा आणि नव्या घरात ठेवायचा.

तक्ता उघडल्यावर नावाच्या एकाच कॉलममध्ये पाच तऱ्हेच्या नोंदी निघाल्या. काही मराठी नावं जुन्या डीटीपी फॉन्टच्या संकेतात होती. तो फॉन्ट लावला की मराठी दिसे, काढला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. काही कन्नड नावं वेगळ्या, कन्नड फॉन्टच्या संकेतात. काही साधी इंग्रजीत. एका शाखेची नावं कुणीतरी आधीच युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) बदलून सीएसव्हीमधून (स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेल्या साध्या मजकूर-फाईलमधून) परत भरली होती आणि ती वाटेत फुटली होती. पाचवा प्रकार सगळ्यात वाईट: नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

फॉन्ट म्हणजे संकेत नव्हे

जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: अर्धा ग, काना, रफार, वेलांटी. संगणकाच्या लेखी तिथे लॅटिन अक्षरंच असतात, मराठी फक्त डोळ्यांना दिसतं. नोंद मराठी आहे की कन्नड, हे डेटाबेसला कुठेच माहीत नसतं. ते माहीत असतं फॉर्मवरच्या टेक्स्टबॉक्सला लावलेल्या फॉन्टला. प्रोग्राम गेला की ती माहितीही गेली.

याचे परिणाम फॉन्ट बदलण्यापुरते राहत नाहीत. ॲक्सेस मजकुराची तुलना करताना इंग्रजीतलं मोठं आणि लहान अक्षर एकच धरतं. फॉन्टच्या संकेतात मात्र त्या दोन जागांवर दोन वेगळी मराठी अक्षरं असतात. त्यामुळे दोन भिन्न आडनावं ‘सारखी’ ठरतात, आणि दुबार नोंदी शोधणारी क्वेरी चांगल्या सभासदांना दुबार म्हणून दाखवते. नावाचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करणारी एखादी ओळ जुन्या प्रोग्रामात असेल, तर तिने नावाचं पहिलं अक्षरच बदललेलं असतं. वर्डमध्ये टाईप झालेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हाचं वाकडं अवतरणचिन्ह होतं आणि तिथलं मराठी अक्षर पालटतं. म्हणून जुनी फाईल हाती आली की आधी तिची प्रत करून ती फक्त वाचण्यापुरती खुली ठेवावी, आणि कोणतीही नोंद वर्ड किंवा एक्सेलमध्ये ‘जरा बघायला’ सुद्धा उघडू नये.

प्रश्नचिन्हांचं मूळ याच्याशी जोडलेलं आहे. व्हिज्युअल बेसिक ६ आतून मजकूर युनिकोडमध्येच धरतं, पण त्याचे नेहमीचे टेक्स्टबॉक्स विंडोजच्या जुन्या आठ-बिटी कोड पेजमधून, म्हणजे एका बाइटला (० ते २५५ मधल्या एका संख्येला) एक अक्षर देणाऱ्या तक्त्यातून, बोलतात. मराठीला आणि कन्नडला विंडोजमध्ये असं कोड पेज नाही. आयएससीआयआय या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतासाठी देवनागरीचं ५७००२ आणि कन्नडचं ५७००८ आहे खरं, पण ती केवळ रूपांतरासाठी, संपूर्ण यंत्रणेचं कोड पेज म्हणून ती निवडता येत नाहीत. इथे यंत्रणा १२५२ वर, म्हणजे पश्चिम युरोपच्या कोड पेजवर होती. एका कर्मचाऱ्याने नव्या विंडोजचा मराठी की-बोर्ड चालू करून त्याच फॉर्ममध्ये टाईप केलं. प्रत्येक देवनागरी चिन्हाला १२५२ मध्ये जागा नाही, म्हणून प्रत्येकाचं एक प्रश्नचिन्ह झालं आणि तेच साठवलं गेलं. साठवलं गेलेलं प्रश्नचिन्ह म्हणजे ६३ हा बाइट. त्याच्या पोटात मूळ अक्षर उरत नाही. ‘एखादं टूल लावून ते परत आणू’ असं कुणी म्हणत असेल तर ते शक्य नाही.

आधी वर्गवारी, मग दुरुस्ती

सगळ्या नोंदींना एकच रूपांतर लावणं ही या कामातली सर्वांत महाग चूक. ज्याला गरज नाही त्यालाही ते लागतं आणि चांगली नोंद बिघडते. म्हणून आधी प्रत्येक नोंदीला एक खूण द्यायची, मूळ मजकुराला हात न लावता. खूण ठरवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली चाचणी: मजकुरात देवनागरीच्या पट्ट्यातलं म्हणजे ०९०० ते ०९७एफ, किंवा कन्नडच्या म्हणजे ०सी८० ते ०सीएफएफ या क्रमांकांतलं (हे क्रमांक सोळाच्या पायावर मोजलेले आहेत) काही आहे का? असेल तर नोंद आधीच नीट आहे, तिला सोडावं. दुसरी: नुसती प्रश्नचिन्हं आणि रिकाम्या जागा असतील तर नोंद गेलेली. तिसरी: मजकूर १२५२ च्या बाइटमध्ये परत न्यायचा आणि ते बाइट कडक यूटीएफ-८ (युनिकोडचे क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) म्हणून वाचून बघायचे. पास झाले आणि त्यात इंग्रजीबाहेरचं काही असलं, तर ती फुटलेली युनिकोड नोंद. यूटीएफ-८ ची बांधणी इतकी काटेकोर आहे की जुन्या फॉन्टचा मजकूर चुकून तिच्यात बसणं जवळपास होत नाही, त्यामुळे या चाचणीवर भरवसा ठेवता येतो. एखाद्या चिन्हाचा फक्त शेवटचा बाइट कमी असेल, मग तो नावाच्या शेवटी असो वा मध्ये, तरी नोंद याच गटात धरावी. त्याचं कारण पुढे येतं. उरलेल्या नोंदी जुन्या फॉन्टच्या किंवा इंग्रजी.

डॉटनेटमध्ये हे करताना दोन ठिकाणी पाय अडकतो. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये एनकोडिंग-डिफॉल्ट म्हणजे यंत्रणेचं कोड पेज, नव्या डॉटनेटमध्ये तेच यूटीएफ-८ देतं. एकच ओळ दोन ठिकाणी दोन उत्तरं देते, म्हणून डिफॉल्टवर कधीच विसंबू नये, १२५२ हे नाव घेऊनच मागावं. नव्या डॉटनेटमध्ये ते मिळण्यासाठी कोड पेजचा प्रोव्हायडर आधी नोंदवावा लागतो. दुसरं, यूटीएफ-८ चा नेहमीचा वाचक चुकीच्या बाइटवर थांबत नाही. तो तिथे बदली चिन्ह टाकून पुढे जातो आणि सगळं पास झाल्यासारखं दिसतं. चुकीवर थांबणारा पर्याय चालू करूनच वाचक तयार करावा.

ठ कुठे गेला

फुटलेल्या नोंदी डोळ्यांनीही ओळखता येतात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट २२४, दुसरा १६४ किंवा १६५. हे १२५२ म्हणून वाचले की दर अक्षराआधी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए येतो, आणि पाठोपाठ चार काट्यांचं चलनचिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह. कन्नडचा दुसरा बाइट १७८ किंवा १७९, म्हणून तिथे त्या ए-नंतर वर चढलेला छोटा दोन किंवा तीन दिसतो. सीमाभागातल्या डेटात ही खूण फार उपयोगी आहे: येन दिसला तर मराठी, चढता दोन दिसला तर कन्नड.

परत फिरवणं सोपं असायला हवं: १२५२ चे बाइट काढा, यूटीएफ-८ म्हणून वाचा. बहुतेक नावं तशी परतलीही. ‘हिरेमठ’ मात्र ‘हिरेम’ होऊन पुढे अडत होतं, आणि ‘मठ’ हे आडनाव असलेल्या सगळ्यांचं तसंच. या भागात ही आडनावं पावलोपावली, त्यामुळे बिघाड लगेच नजरेत भरला.

कारण असं. ठ चे तीन बाइट २२४, १६४, १६०. यातला १६० हा १२५२ मध्ये न तुटणारी मोकळी जागा आहे. सीएसव्ही भरणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक नाव दोन्ही टोकांनी ‘ट्रिम’ केलं होतं, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा कापल्या होत्या. डॉटनेटचं ट्रिम साध्या जागेबरोबर ही जागाही कापतं, पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं स्ट्रिपही कापतं. नावाच्या शेवटी ठ असला की त्याचा तिसरा बाइट गळून पडला. मजा म्हणजे कन्नडच्या ठ चे बाइट २२४, १७८, १६० आहेत. शेवटचा बाइट तोच, कारण दोन्ही लिप्यांचे युनिकोड पट्टे आयएससीआयआयच्या एकाच मांडणीवर बेतलेले आहेत. त्यामुळे कन्नडमध्ये लिहिलेल्या ‘हिरेमठ’चाही नेमका तोच ठ गेला होता.

यातली चांगली गोष्ट अशी की ही हानी पूर्ण भरून निघते. नोंद २२४, १६४ या दोन बाइटवर संपत असेल, आणि त्यातून ट्रिमने कापलेल्या मोकळ्या जागेशिवाय काहीच गेलेलं नसेल, तर गळालेला बाइट १६० शिवाय दुसरा असू शकत नाही. तो परत जोडला की ठ उभा राहतो. कन्नडसाठी २२४, १७८ नंतर तेच करायचं. इथे अंदाज लावावा लागत नाही.

‘कुलकर्णी’चं दुखणं याहून अवघड. १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. विंडोजची स्वतःची जोडणी त्या जागा अदृश्य नियंत्रणचिन्हं म्हणून जशाच्या तशा धरते, म्हणून ये-जा सुरळीत होते. पायथनची १२५२ जोडणी कडक आहे, ती तिथेच चूक दाखवून थांबते. आता ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट १२९ आहे, आणि पाय मोडण्याच्या चिन्हाचा, हलन्ताचा, १४१. ए चा १४३, ऐ चा १४४, झ चा १५७. म्हणजे उकार आणि जोडाक्षर, मराठी ज्यांच्याशिवाय चार शब्द चालत नाही, तीच दोन चिन्हं बरोबर या भोकांत पडतात. भरणाऱ्या प्रोग्रामात ‘नियंत्रणचिन्हं काढून टाका’ अशी एक सफाईची ओळ होती. तिने ती प्रामाणिकपणे काढून टाकली.

‘कुलकर्णी’ म्हणजे क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, दीर्घ वेलांटी: आठ चिन्हं, २४ बाइट. सफाईनंतर २२ उरले. तुटलेल्या दोन्ही जागी २२४, १६५ एवढंच आणि मग लगेच पुढच्या अक्षराचा २२४. अशा प्रत्येक जागी उमेदवार दोन, उकार किंवा हलन्त. बाकीची भोकं १६५ च्या पुढे आली तर ॐ किंवा ढ़ यांसारखी चिन्हं देतात, ती नावात सहसा येत नाहीत. दोन जागांचे चार पर्याय होतात: क्लकर्णी, क्लकरुणी, कुलकरुणी, कुलकर्णी. माणसाला क्षणात कळतं, प्रोग्रामला आडनावांच्या यादीशी ताडून बघावं लागतं. तुटलेली जागा १६४ च्या पुढची असेल तर ए, ऐ, झ किंवा चंद्रबिंदू यांतला उमेदवार घ्यायचा. जिथे यादीत एकच पर्याय सापडतो तिथे प्रोग्रामने भरावं, जिथे दोन सापडतात किंवा एकही नाही तिथे नोंद माणसाकडे जावी. ‘बहुधा हेच असेल’ म्हणून प्रोग्रामला भरू देऊ नये. कर्जाच्या कागदावर जाणारं नाव आहे ते.

जुन्या फॉन्टचा नकाशा

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. संस्थेच्या संगणकावर जी फॉन्टची फाईल प्रत्यक्ष बसवलेली आहे तीच उचलावी. एकाच नावाच्या फॉन्टच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत तुकड्यांच्या जागा बदललेल्या असू शकतात. ३३ पासून २५५ पर्यंतच्या प्रत्येक जागेचं चित्र मोठ्या आकारात कागदावर छापून, त्या फॉन्टवर वर्षानुवर्षं टाईप केलेल्या माणसासमोर बसून जागा नोंदवाव्यात. तो माणूस बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या एखाद्या छापखान्यात सापडतो आणि त्याच्या बोटांना जे माहीत असतं ते फॉन्टच्या फाईलमध्ये लिहिलेलं नसतं. एकच अक्षर दोन-तीन रीतींनी जोडता येतं, आणि प्रत्येक टायपिस्टची सवय वेगळी. अर्धा ग आणि काना मिळून पूर्ण ग होतो. तोच काना ‘गा’मध्येही असतो. ‘ओ’ काहीजण अ, काना, मात्रा असा बांधतात.

नकाशा लावण्याआधी मजकूर १२५२ च्या बाइटवर परत न्यायला विसरू नये. ॲक्सेस २००० पासून मजकूर युनिकोडमध्ये साठवतं, त्यामुळे १२८ ते १५९ मधल्या भरलेल्या २७ जागा वाचताना भलत्याच क्रमांकावर येतात. १४७ वा बाइट तिथे वाकडं अवतरणचिन्ह म्हणून ८२२० या क्रमांकावर मिळतो. नकाशात १४७ शोधणाऱ्या प्रोग्रामला तो सापडत नाही आणि अक्षर मुकाट्याने गळतं.

तुकडे ओळखताना सर्वांत लांब जोडी आधी घ्यावी, मग एकेकटे तुकडे. त्यानंतर क्रम लावायचा. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर दिसतो तसा साठवलेला असतो, युनिकोडमध्ये उच्चारतो तसा. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाईप झालेली असते, ती मागे न्यायची, पण एका तुकड्यामागे नाही, अख्ख्या जोडाक्षरामागे. ‘स्थिती’मध्ये वेलांटी अर्ध्या स पाशी सोडली तर ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. अर्धी अक्षरं ओलांडत पहिल्या पूर्ण व्यंजनापर्यंत जायचं आणि त्याच्या पाठीमागे ठेवायची. रफार उलट दिशेने जातो. ‘कीर्ती’मध्ये तो वेलांटीनंतर येतो, त्याला वेलांटी आणि त ओलांडून त च्या आधी बसवायचं. बेळगावजवळच्या नदीचं नाव, मार्कंडेय, ही या टप्प्याची उत्तम परीक्षा आहे. जुन्या फॉन्टमध्ये रफार आणि टिंब मिळून बहुधा एकच तुकडा असतो. तो फोडून रफार क च्या आधी न्यायचा आणि टिंब क च्या नंतरच ठेवायचं. दोन्ही एकत्र हलवले तर टिंब ‘मा’वर जातं.

कन्नडची गोष्ट निराळी. तिथे स्वरचिन्ह मूळ व्यंजनाला चिकटून एकाच तुकड्यात असतं आणि खाली लागणारं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं पुढचं व्यंजन, त्याच्यानंतर येतं. युनिकोडमध्ये स्वरचिन्ह सगळ्यात शेवटी हवं, म्हणजे ते ओत्तक्षराच्या पलीकडे न्यावं लागतं. र चा अर्कावत्तु अक्षराच्या उजवीकडे असतो, तो आपल्या रफारासारखाच अक्षराच्या आधी न्यायचा. शिवाय कन्नडची काही स्वरचिन्हं दोन-तीन तुकड्यांची जोडूनही लिहिता येतात आणि युनिकोडच्या नियमाने ती एकरूपच मानली जातात. एनएफसी सामान्यीकरण (तुकड्यांत लिहिलेली चिन्हं एकाच ठरलेल्या रूपात आणणं) केलं नाही तर सारखं दिसणारं नाव शोधात सापडत नाही.

रूपांतर झाल्यावर तपासणी नावांची न करता शब्दांची करावी. सगळी नावं फोडून वेगवेगळे शब्द काढले की यादी एकदम आखडते, कारण पाटील, देसाई, हिरेमठ, कल्लाप्पा पुन्हा पुन्हा येतात. डावीकडे जुन्या फॉन्टमध्ये, उजवीकडे निर्मला यूआयमध्ये तोच शब्द छापावा आणि दोन माणसांनी वाचावा. निर्मला यूआय विंडोज ८ पासून येतो आणि त्यात देवनागरी, कन्नड दोन्ही आहेत. जुने मंगल (देवनागरीचा) आणि तुंगा (कन्नडचा) विंडोज १० मध्ये पूरक फॉन्ट म्हणून वेगळे बसवावे लागू शकतात. शब्द काना-मात्रेने सुरू होत असेल, दोन स्वरचिन्हं लागोपाठ असतील, हलन्तामागोमाग वेलांटी असेल, तर नकाशा किंवा भाषेची निवड चुकली आहे. कन्नड नोंद मराठी नकाशातून काढली की असेच शब्द पडतात, म्हणून हीच चाचणी भाषा ठरवायलाही वापरता येते. इंग्रजी नोंदी त्याच गाळणीतून वेगळ्या होतात, तरी आखूड इंग्रजी शब्द फसवतात, ते हाताने पाहावेत.

प्रश्नचिन्हं

या नोंदींसाठी कागदी सभासद रजिस्टर हाच आधार. तरी प्रश्नचिन्हांची संख्या कामाला येते, कारण दर युनिकोड चिन्हाला एक पडलेलं असतं. ‘हिरेमठ’ची सहा, ‘येळ्ळूर’ची सात. खातेक्रमांक पुसट असेल तेव्हा रजिस्टरातल्या उमेदवारांतून निवडताना ही मोजणी पडताळा देते. नवीन नोंद होईपर्यंत जुनं सॉफ्टवेअर चालू ठेवायचं असेल, तर त्यावरचा मराठी की-बोर्ड बंदच करावा.

मराठी नाव आणि कन्नड नाव: दोन कॉलम

दोन्ही पट्ट्यांची मांडणी समांतर असल्यामुळे एक मोह होतो: देवनागरी क्रमांकात ८९६ मिळवा, कन्नड अक्षर तयार. क, त, म यांसाठी हे खरं आहे. नावासाठी खोटं आहे. मराठीत आपण कल्लाप्पा लिहितो, कन्नडमध्ये तो कल्लप्प असतो, काना नसतो. मराठीला ए एकच. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन आहेत आणि बेळगावीच्या कन्नड नावातला पहिला ए ऱ्हस्व आहे. मराठी मात्रेत ८९६ मिळवले की दीर्घ पडतो. ‘ऑ’ला तिथे जागाच नाही, चौकोन दिसतो. ‘ऱ्ह’मधला ऱ कन्नडच्या जुन्या, आता वापरात नसलेल्या अक्षरावर जातो. वकिलाच्या नावाआधीचा ‘ॲ’ जातो उपध्मानीयाच्या (प-फ आधीच्या विसर्गाच्या) चिन्हावर.

म्हणून मराठी नाव आणि कन्नड नाव हे दोन स्वतंत्र कॉलम असावेत, एकातून दुसरा काढू नये. कर्नाटकातल्या आधार कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजीत असतं. कन्नड रूप तिथून घ्यावं, मराठी रूप सभासदाच्या सहीच्या अर्जावरून. नाव ज्याचं आहे त्याने ते जसं लिहिलं तसं राहावं, यावर या कामात तडजोड नको. ८९६ चा हिशोब शोधताना ‘याच्यासारखं नाव’ सुचवण्यापुरता वापरला तर हरकत नाही.

शोध आणि क्रम

मूळ नावाला न छेडता शोधासाठी वेगळी किल्ली, म्हणजे नावाचं फक्त तुलनेपुरतं केलेलं रूप, ठेवावी. मराठीत निव्वळ एनएफसी पुरत नाही. ‘ॲ’ हे एक चिन्ह आणि ‘अ’ला चंद्र जोडून केलेलं ‘अॅ’, ही युनिकोडच्या लेखी दोन वेगळी आहेत, सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला तोच ५.१ या आवृत्तीत, २००८ साली, त्यामुळे जुन्या-नव्या डेटात दोन्ही सापडतात. ऱ्हा-ऱ्या मधला र दोन रीतींनी लिहिला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. किल्ली करताना आधी दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करावं आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हं काढावीत. क्रम उलटा झाला तर दऱ्याचा दर्या होतो.

एसक्यूलाइट आपणहून बाइटच्या क्रमाने लावतं. त्यात ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी येतं आणि ‘क्षीरसागर’ क च्या शेवटी. आपल्या रजिस्टरात ळ ह च्या नंतर आणि क्ष त्याही पुढे. सभेच्या यादीत लोक आपलं नाव त्याच क्रमाने शोधतात. ही तीन नावं लावून बघावीत, क्रम बरोबर नसेल तर स्वतःची क्रमकिल्ली बांधावी.

छपाई, निर्यात, एसएमएस

पासबुकाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर टेक्स्ट मोडमध्ये देवनागरी छापू शकत नाही, चित्र म्हणून ड्रायव्हरमधून पाठवावं लागतं आणि वेग घटतो. ९ पिनचा प्रिंटर एका फेऱ्यात उभ्या इंचाला ७२ ठिपके देतो. १२ पॉइंटच्या ओळीला १२ ठिपके आले, त्यात वेलांटी, शिरोरेषा, अक्षर, उकार बसत नाहीत. २४ पिनला १८० ठिपके, म्हणजे ओळीला ३०. तिथे वाचता येतं. नाव कापून छापताना शेवटी हलन्त उरला तर ते अर्धं अक्षरही काढावं.

एक्सेलसाठीच्या सीएसव्हीच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट ठेवावेत, नाहीतर डबल क्लिक करून उघडताना एक्सेल ती यंत्रणेच्या कोड पेजमध्ये वाचतं. तीच फाईल परत भरताना ते तीन बाइट वगळावेत, नाहीतर पहिल्या कॉलमचं नाव जुळत नाही. एसएमएसमध्ये मराठी किंवा कन्नड असेल तर एका संदेशात ७० चिन्हं, जोडसंदेशात दर भागाला ६७. ‘कल्लाप्पा हिरेमठ’ डोळ्यांना सात अक्षरं दिसतात, मोजणीत मधल्या जागेसह १६ जातात.

सुपूर्द करताना

नव्या डेटाबेसमध्ये दर सभासदामागे जुना मजकूर बाइटसह, त्याला दिलेली खूण आणि लावलेली दुरुस्ती ठेवली गेली. नकाशातली चूक सहा महिन्यांनीही सापडू शकते, आणि तेव्हा फक्त त्या खुणेच्या नोंदी पुन्हा चालवता येतात. माणसाकडे गेलेल्या नोंदींसमोर कोणत्या कागदावरून नाव घेतलं तेही लिहिलं गेलं. जुनी एमडीबी आणि तिच्याबरोबर दोन्ही जुने फॉन्ट एका सीडीवर व एका पेनड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवले, कारण फॉन्टशिवाय ती फाईल पुढे कुणालाच वाचता आली नसती.